आजोबांची ‘डुक्कर’ फियाट आणि अस्सल सुट्या भागांचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे : पंचवटीतील जुन्या वाड्याच्या ढेलजेत आजोबांची १९६३ सालची फियाट सुपर सिलेक्ट २० वर्षांहून अधिक काळ उभी आहे. वडिलांच्या पश्चात ती नातवाकडे आली असून ती अस्सल, मूळ भाग वापरूनच पुन्हा रस्त्यावर आणण्याची त्यांची इच्छा आहे. एका गॅरेजवाल्याने मारुतीचे इंजिन बसवून टाका असे सुचवले, तर मुंबईच्या एका व्यापाऱ्याने सगळे भाग इटलीहून मागवून देतो म्हणून चार पानी यादी हातात ठेवली. अस्सल भाग म्हणजे नेमके कोणते, ते ओळखायचे कसे आणि शोधायचे कुठे, असे त्यांनी विचारले आहे. आजोबांनी तांबटाकडून रेडिएटरला मारून घेतलेले तांब्याचे ठिगळ काढावे का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

आपल्या प्रश्नातील ‘अस्सल’ हा शब्द आधी नीट तपासून घेऊ, कारण गाडीवर होणारा बराचसा खर्च त्या एका शब्दाचा अर्थ आपण काय लावता यावर ठरणार आहे. व्यापाऱ्याने अस्सल म्हणजे इटालियन असे धरून यादी केलेली दिसते. परंतु आपली गाडी इटलीहून आलेली नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने असे ठरवले की ज्या कंपन्यांकडे या देशात गाडी बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसत्या जुळणीचा धंदा येथे करू नये. त्यानंतर १९५४ मध्ये जनरल मोटर्सने आपली येथील जुळणी बंद केली, आणि जे राहिले त्यांना वर्षागणिक भारतीय भागांचे प्रमाण वाढवत न्यावे लागले. आपली गाडी या संक्रमणाच्या मधल्या काळातली आहे. तिच्या बोनेटखाली इटालियन शिक्क्याच्या भागाशेजारी मुंबईत किंवा मद्रासला बनलेला भाग दिसला, तर कोणी तरी मध्येच हलका माल घातला असे समजून तो काढून टाकू नये. तो कारखान्यातूनच तसा आलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आपल्या गाडीपुरता तोच अस्सल आहे.

इटलीची यादी आणखी एका कारणाने फसवी आहे. नाव एक असले म्हणजे गाडी एक असतेच असे नाही. सुमारे १५ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ११०० डी, म्हणजे आपण जिला डिलाइट म्हणतो ती, कामाला आली होती. परदेशातून ‘११०० डी’ असे स्वच्छ छापलेला पिस्टनचा संच मागवला, सीमाशुल्क भरले, खोके उघडले आणि सवयीने व्हर्नियर (बारीक मापाचे मोजणी उपकरण) लावला तर व्यास ७२ मिलिमीटर निघाला. आपल्याकडच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर आहे, म्हणून ते १,०८९ सीसीचे. इटलीतील ११०० डीला मात्र ७२ चा बोअर देऊन १,२२१ सीसीचे इंजिन बसवले होते, आणि आपल्याकडे तेच नाव घेऊन आलेल्या गाडीत जुने १,०८९ सीसीचेच इंजिन पुढे चालू राहिले. ४ मिलिमीटरचा फरक बोअर वाढवून भरून काढण्यासारखा नसतो. ते चार पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहेत. एकात मी पेन्सिली ठेवतो. व्यापाऱ्याच्या यादीतील प्रत्येक नोंदीपुढे केवळ मॉडेलचे नाव आहे की माप आहे, हे आपण आधी पाहावे. शिवाय इटलीतील गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते. त्यामुळे डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स, वायपरची जोडणी, पेडलची रचना यांपैकी जे काही तेथून येईल ते आपल्या गाडीला आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलटे पडेल.

मारुतीच्या इंजिनाविषयी मी फार लिहीत नाही. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. परके इंजिन बसवायचे तर माउंटिंगसाठी पत्रा कापावा लागतो, नवे तुकडे जोडावे लागतात, आणि एकदा कापलेला सांगाडा पूर्ववत होत नाही. कायद्याची बाजू खाली येईलच. त्या दृष्टीनेही हा सल्ला आपल्याला महागात पडेल.

आता गाडीजवळ जाऊ. पंचवटीचा वाडा म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न पाण्याचा आहे. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ च्या पुरांत गंगेचे, म्हणजे गोदावरीचे, पाणी आपल्या ढेलजेत आले होते का? घरातील मोठ्यांना विचारा; नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी चढले की आपल्या दारात येते, हे नदीकाठच्या प्रत्येक घराला पाठ असते. ते उत्तर मिळाले तरी गाडीवर स्वतः खूण शोधा. दाराच्या आतले पुठ्ठे काढून आतल्या पत्र्यावर बॅटरीचा उजेड तिरका टाकला, तर गाळाची एक फिकट आडवी रेघ दिसते. ती रेघ चाकाच्या मध्याच्या वर असेल तर ब्रेक ड्रम, चाकांची बेअरिंगे आणि मागचा डिफरेन्शियल यांत गाळ गेलेला आहे असे धरून चालावे. ती रेघ इंजिनाच्या डिपस्टिकच्या तोंडापर्यंत असेल, तर इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय त्याला हात लावण्यात अर्थ नाही. नाशकाची हवा मुंबईच्या मानाने कोरडी आहे, खारा वारा येथे नाही, त्यामुळे वरच्या पत्र्याबाबत आपण नशीबवान असाल. परंतु शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीवर २० पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ खालून ओल खात राहतो, आणि नेमका तळ आणि दाराखालची पेटी हेच या गाडीचे कणे आहेत.

ही तपासणी होईपर्यंत कोणालाही बॅटरी जोडून सेल्फ मारू देऊ नका. भाचे, मित्र, ओळखीचे मिस्त्री, सगळ्यांना तो मोह होतो. इतक्या वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरलेल्या असतात. सेल्फच्या एका झटक्यात रिंग तुटते आणि एरवी वाचला असता असा बोअर ओरखडतो. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे मिसळून थोडे आत सोडा आणि आठ-दहा दिवस तसेच राहू द्या. रोज पुन्हा थोडे घाला. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटावर लांब पाना लावा आणि हाताने, अगदी हळू, पुढे-मागे हलवून पाहा. अंगठ्याएवढी जरी हालचाल मिळाली तरी काम झाले; ती रोज थोडी थोडी वाढवत नेता येते. हलले नाही तर पान्याला पाइप लावून जोर करू नका.

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचे आहे. दोन वेगळे धातू आणि मध्ये वर्षानुवर्षे साचलेले पाणी, यामुळे हेडचे स्टड जणू सिमेंटमध्ये रोवल्यासारखे पक्के होतात. मिस्त्री लोक अनेक हेड येथेच फोडतात. हेड आणि ब्लॉकच्या फटीत पेचकस किंवा छिन्नी घालून हेड उचकटले, तर ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर खाच पडते आणि पुढे गॅस्केट कधीही नीट बसत नाही. माझी पद्धत अशी आहे. स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल आठवडाभर मुरवतो, रोज लाकडी हातोड्याने हेडवर चहूबाजूंनी हलके ठोकतो. इंजिन फिरत असेल तर टॅपेटचे रॉकर आधी काढून सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवतो, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये मऊ सुती दोरी भरतो आणि क्रँक हाताने फिरवतो. वर येणारा पिस्टन दोरी दाबतो, दोरी हेड उचलते, आणि जोर सगळीकडे सारखा बसतो. पहिला ‘टक्’ असा आवाज येतो तेव्हा जवळ उभे राहणाऱ्यांना इंजिन मोडले असे वाटते. पण हेड सुटलेले असते.

सुटे भाग कुठे मिळतील याचे माझे उत्तर आपल्याला कदाचित निराश करील, पण सर्वाधिक अस्सल भाग आपल्या गाडीवरच आहेत. शोधाची सुरुवात दुकानापासून करू नये. जो भाग दुरुस्त होऊ शकतो तो दुरुस्त करावा, जो झीज होऊन गेला आहे तेवढाच बाहेरून आणावा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर हे चांगले उदाहरण आहे. आतून खड्डे पडले म्हणून गॅरेजमध्ये तो सरळ भंगारात जातो आणि त्याजागी कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा जोड बसवला जातो. वास्तविक जुन्या ओतीव सिलिंडरचा बोअर लेथवर मोठा करून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवली आणि ती मूळ मापाला होन केली, म्हणजे आतून घोटून गुळगुळीत केली, तर बाहेरून तोच भाग राहतो आणि आतून नव्यापेक्षा टिकाऊ होतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत असे सूक्ष्म काम करणारी लहान वर्कशॉपे गल्लोगल्ली आहेत. मायकोत (आताच्या बॉशमध्ये) किंवा ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, मायक्रॉनच्या भाषेत बोलणारे लोक या शहरात जितके सहज भेटतात तितके महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी भेटतील. मात्र त्यांना ‘गाडीचा पार्ट आहे, बघा जरा’ असे म्हणून चालत नाही. कागदावर आकृती काढून, माप आणि त्यात चालणाऱ्या फरकाची मर्यादा (टॉलरन्स) लिहून द्या. मग काम वेगळेच होते.

बाहेरून जे आणायचे त्यासाठी पहिली दिशा इटली नव्हे, पद्मिनी आहे. आपल्या गाडीचे आणि पुढे आलेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन एकाच घराण्यातले, त्याच १,०८९ सीसीचे आहे, त्यामुळे इंजिनाच्या आतील बराच माल तेथून मिळू शकतो. तरीही प्रत्येक भाग जुन्याच्या शेजारी ठेवून मोजल्याशिवाय विकत घेऊ नये. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर हा माल रतीबाने मिळत असे. ताडदेवला शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती शहरातून गेली. त्यानंतर दुकानदारांना हा माल ठेवण्याचे कारण उरले नाही. आता जे आहे ते बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर, जुन्या स्पेअरवाल्यांच्या मागच्या खोलीत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील भंगारात आहे. जिथे ही गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव विकले जातात, हा योगायोग मला दरवेळी थोडा बोचतो. नाशकात द्वारका आणि मुंबई नाका भागातील जुन्या मेकॅनिकांना भेटा. दुकान मुलाकडे असते, पण माळ्यावर काय आहे ते वडिलांना ठाऊक असते. बॉडीचे भाग, म्हणजे जाळी, दिवे, बंपर, मागे बिजागरी असलेली पुढची दारे, यांपैकी मात्र पद्मिनीचे काहीही चालत नाही. नाकाडामुळे जिला ‘डुक्कर’ हे प्रेमाचे नाव पडले, ती पुढची ठेवण पद्मिनीत राहिलेलीच नाही.

ओळखण्याविषयी बोलायचे तर कागदी लेबलवर कमी आणि हातावर जास्त विश्वास ठेवावा. मागे एकाच दुकानात माझ्यासमोर दाराच्या दोन मुठी ठेवल्या गेल्या. दोन्ही ‘ओरिजिनल’, दोन्ही चकचकीत. एक तळहातावर घेतली तेव्हा ती गार आणि जड लागली. ती जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची, म्हणजे बाजारात ज्याला मझाक म्हणतात त्याची होती. तिच्या मागच्या बाजूला, जिथे पॉलिश करणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे, साच्याची बारीक रेघ आणि उठावाचा भाग क्रमांक होता, आणि क्रोमखाली एका ओरखड्यातून तांब्याचा लालसर थर डोकावत होता. दुसरी हलकी होती. तिच्या मागे रेतीच्या साच्याचा खरखरीतपणा होता, क्रमांक ठोकून उमटवलेला होता आणि अक्षरे एका ओळीत नव्हती. पहिलीवर खड्डे होते, दुसरी निष्कलंक होती, आणि दुकानदार दुसरीचे जास्त पैसे मागत होता. पहिली घ्यावी. खड्डे पडलेली मझाकची मूठ जुने क्रोम उतरवून, खड्डे साफ करून, तांब्याचा जाड थर चढवून, घासून, मग निकेल आणि शेवटी क्रोम अशा क्रमाने पुन्हा उभी राहते. प्लेटिंगवाला तांब्याचा टप्पा गाळून स्वस्तात देतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका. दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात.

नटबोल्टही बोलतात. फियाटचे आटे मेट्रिक आहेत. एखादा बोल्ट मेट्रिक नटात दोन आटे जाऊन अडकला, तर तो नंतर कोणी इंग्रजी गाडीचा घातलेला आहे. पत्र्याच्या जोडावर ठरावीक अंतराने गोल दाबाच्या खुणा दिसल्या तर तो कारखान्याचा स्पॉट वेल्डिंगचा जोड असतो. सलग ओबडधोबड शिवण दिसली तर तेथे पूर्वी अपघात किंवा गंजाचे काम झालेले आहे.

एका बाबतीत मात्र अस्सलपणाचा हट्ट सोडावा, असे मी हक्काने सांगतो. कोरा जुना माल, म्हणजे ५० वर्षांपूर्वीचा पण खोके न फोडलेला भाग, धातूचा असेल तर सोने समजावा आणि रबराचा असेल तर कचरा समजावा. ब्रेकचे वॉशर आणि कप, लवचीक ब्रेक होज, पेट्रोलच्या नळ्या, टायर हे सगळे न वापरताच मरतात. खोक्यात असताना ते मऊ वाटतात, ब्रेक ऑइल लागले की आठवड्यात फुगतात किंवा चिरतात. या गाडीच्या चारही चाकांना एकाच वाटेने ब्रेकचा दाब जातो; एक कप फाटला की पेडल जमिनीला टेकते आणि मग हातब्रेकशिवाय काही उरत नाही. कसाऱ्याच्या घाटात ते अनुभवण्याची वेळ कोणावर येऊ नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्या.

पेट्रोलचेही तसेच आहे. शिसेविरहित पेट्रोलची भीती आपल्या मनात कोणी घातली असेल तर ती सोडून द्या. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीतच संपले, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठकांसाठी वेगळ्या कड्या बसवलेल्या असतात. त्यानंतरही हजारो टॅक्सी त्याच पेट्रोलवर चालल्या. आजचा खरा प्रश्न २० टक्के इथेनॉलचा आहे. इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला खाते, हवेतील ओल ओढून घेते आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसून गंज धरवते. त्यामुळे पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या फ्लोरोरबराच्या, सामान्यतः व्हायटॉन म्हणतात त्या प्रकारच्या घ्याव्यात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्यावे आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवून बंद करावे. पंपाचे धातूचे अंग, कार्बोरेटर, टाकी हे मूळचेच ठेवता येतात. पाहणाऱ्याला फरक कळत नाही आणि गाडी पेट घेत नाही.

पिस्टनचा एक मुद्दा राहिला. बोअर झिजलेला असेल तर लेथवाला ‘आधी बोअर करून घेऊ, मग त्या मापाचे पिस्टन शोधा’ म्हणेल. क्रम उलटा ठेवा. ज्या जादा मापाचा पूर्ण संच हातात आला आहे, त्या मापालाच बोअर करा, आणि प्रत्येक पिस्टन स्वतंत्र मोजून त्या त्या सिलिंडरला जुळवा. नसलेल्या मापाच्या शोधात दोन-दोन वर्षे रिकामे पडलेले ब्लॉक मी पाहिले आहेत.

रंगाचे काम सर्वांत शेवटी येते, पण त्याचा पुरावा सर्वांत आधी गोळा करावा लागतो. मूळ रंग शोधण्यासाठी डॅशबोर्डच्या खालची किंवा डिकीच्या रबरामागची रुपयाएवढी जागा निवडा आणि बारीक वॉटर पेपरने, म्हणजे ओल्या घासकागदाने, पाणी लावत, गोल गोल घासत जा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक गोल उघडत जातात : वरचा वडिलांच्या काळातला पांढरा, खाली एखादा निळा, मध्ये राखाडी अस्तर, आणि पत्र्यालगतच्या अस्तरावर जो बसलेला असेल तो कुर्ल्याचा रंग. त्या जागेवर पुन्हा रंग मारू नका, ती तशीच झाकून ठेवा. पुढे रंग जुळवताना आणि कोणाला दाखवताना तीच आपली साक्ष असते. आजच्या टू-के (दोन घटक मिसळून मारायच्या) रंगाने गाडी काचेसारखी चमकते आणि टिकतेही, पण ती चमक त्या काळाची नव्हे. जुन्या ड्युको (लॅकर) पद्धतीच्या रंगाचे दहा-बारा पातळ हात आणि मधली घासाई यांना वेळ लागतो. वाड्यात सावलीत राहणाऱ्या गाडीसाठी मी तोच पसंत करतो. पत्र्याच्या कामात मात्र पुट्टीच्या जाड थराला साफ नकार द्या. छोटे चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवले की ते जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे हे लगेच कळते, आणि ही परीक्षा डेंटरसमोर केली की पुढचे काम सुधारते.

सीट, वायरिंग आणि काचेच्या बीडिंगबद्दल (कडेच्या रबरी पट्टीबद्दल) थोडक्यात. सीटखाली दुमडलेल्या कडेला रेक्झिनचा न उडालेला रंग मिळतो, तो नमुना कापून ठेवा. आतला काथ्या शक्य तर पुन्हा काथ्याच भरा. वायरिंग उंदरांनी खाल्लेले असणारच. नवे करताना जुन्या वायरींचेच रंग ठेवा आणि एक मुख्य फ्यूज जास्तीचा घाला. बीडिंगचे दोन इंचांचे तुकडे कापून रबर एक्स्ट्रूजन करणाऱ्या, म्हणजे साच्यातून रबराच्या सलग पट्ट्या काढणाऱ्या, कारखान्याला दिले तर तोच छेद काढून मिळतो. किमान लांबी जास्त घ्यावी लागते, म्हणून आणखी एक-दोन फियाटवाले जोडीला घ्यावेत.

कागदपत्रांचे काम गाडी खोलण्यापूर्वी सुरू करा. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत कळवून ३ महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आपली मुदत गेली असेल तर वारस दाखल्यासह पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विलंबासह अर्ज करावा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज अशी वेगळी नोंदणी आली आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये पडतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. मारुतीच्या इंजिनाचा सल्ला येथे निकाली निघतो. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज कामावर नेता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आपल्याला दर रविवारी सोमेश्वरला जायचे असेल तर साध्या नोंदणीचे नूतनीकरण बरे. कोणताही मार्ग घेतला तरी चासी क्रमांक ठोकलेल्या पट्टीवर ग्राइंडर आणि पुट्टी चालू देऊ नका. काम सुरू होण्यापूर्वी त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि छायाचित्र काढून ठेवा.

राहिले रेडिएटरचे ठिगळ. ते कारखान्याचे नाही, म्हणून व्यापाऱ्याच्या यादीत नवा रेडिएटर आला आहे. पण ते काम जुन्या नाशकातल्या भांडी बाजाराच्या परिसरातील हाताने केलेले आहे, पितळी टाकीवर तांब्याचा पत्रा ठोकून, कडा वळवून, कथलाने भरलेले. घागरीला आणि बंबाला जो हात बसलेला होता तोच तेथे दिसतो. ही गाडी नाशकात चालली याची तेवढी एकच खूण तिच्या अंगावर असेल. आपल्या गाडीत मला परका वाटणारा तो भाग नाही. मी तो काढणार नाही. एवढे करा : रेडिएटर उतरवून खालची टाकी उलटी धरून गाळ धुऊन घ्या, दोन्ही नळ्यांची तोंडे बुचांनी बंद करा, वरपर्यंत पाणी भरा आणि खाली वर्तमानपत्र अंथरून रात्रभर ठेवा. सकाळी ठिगळाखालचा कागद कोरडा असेल तर तसाच बसवा. ओला असेल तर कड पुन्हा कथलाने भरून घ्या, पण काम करणाऱ्याला गॅसचा मोठा बर्नर लावू देऊ नका. जुन्या पद्धतीचे, तापवून वापरायचे तांब्याचे सोल्डरिंग आयर्न वापरायला सांगा, म्हणजे शेजारचा मूळ जोड वितळणार नाही.